कर्नाळ्याचे गरुड, रायगडची गिधाडे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की बारा किलोमीटरवर कर्नाळा. आपल्या शाळेतून बाहेर पडलेला आणि एकदाही कर्नाळ्याला न गेलेला विद्यार्थी शोधावाच लागेल. सहलीत आपण किल्ला पाहिला, सुळक्याच्या पायथ्याशी डबे उघडले आणि इतिहासाच्या तासाला ऐकलेले पुन्हा एकदा ऐकले. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये किल्ला घेतला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो जिंकला, तेव्हा किल्लेदार होते अनंतराव फडके. त्यांचा नातू म्हणजे शिरढोणचे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. एवढे आपल्याला पाठ होते. त्याच सुळक्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांनाही इतिहास आहे, आणि तो आपल्या शाळेच्या, आपल्या गावाच्या काळाशी बराच जोडलेला आहे, हे मात्र कोणत्याही धड्यात नव्हते. या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले.

प्रथम तिथे कोण राहते ते पाहू. सुळका साधारण सव्वाशे फूट उंच, बेसॉल्टचा. त्याला पांडूचा मनोरा म्हणत. इंग्रजांनी साऱ्या डोंगराचेच नाव ‘फनेल हिल’ ठेवले होते. कड्याच्या कपारीत घरटे करणारा पक्षी म्हणजे शाहीन, बहिरी ससाण्याचा आपला स्थानिक भाऊबंद. खुद्द बहिरी ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणा म्हणून येतो आणि परत जातो. खालच्या दाट झाडीत सर्पगरुड राहतो. डोक्यावर शेंडी असलेली मोरघार आहे, शिक्रा आहे, आणि गावाकडे वळले की आपली नेहमीची घार. सर्पगरुड न दिसताही ओळखता येतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास ऊन तापले, हवा वर चढू लागली की तो उंच तरंगतो आणि शिट्टीसारखी लांब, टिपेची हाक देतो. ज्यांनी हरियाल किंवा मोरटाका वाटेने फेरी मारली आहे त्यांनी ती हाक नक्की ऐकली असेल, कदाचित ती कोणाची हे माहीत नसेल.

या सर्वांच्या घरट्यांचे वेळापत्रक आपल्या शाळेच्या वेळापत्रकासारखे ठरलेले आहे. सर्पगरुड आणि मोरघार हिवाळा उतरत असताना ओढ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचे घरटे करतात आणि एकच अंडे घालतात. शिक्रा उन्हाळ्यात, तीन-चार अंडी. गिधाडे ऑक्टोबरपासूनच तयारीला लागतात, आणि त्यांचेही अंडे एकच. हा ‘एकच’ शब्द लक्षात ठेवावा. चिमणीचे घरटे मोडले तर ती महिन्याभरात दुसरे करते. गिधाडाचे अंडे गेले की बहुधा त्या जोडीचे सारे वर्षच गेले. त्यात मोठे शिकारी पक्षी वर्षानुवर्षे तेच घरटे, तेच झाड वापरतात आणि दर वर्षी त्यावर नव्या काटक्या रचतात. त्यामुळे झाड तोडले तर एका हंगामाचे नव्हे, पिढ्यांचे घर जाते.

आता इतिहास. १८८३ साली दोन गोष्टी घडल्या. पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १५ सप्टेंबर रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण आपल्या विषयासाठी सोयीचे वर्ष आहे. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे मुख्यत्वे बंदूक आणि अंडी. ब्रिटिश अधिकारी सुट्टीत डोंगर चढत, घरटी शोधत, अंड्यांना भोक पाडून आतला बलक फुंकून काढत आणि कवचे कापसात ठेवून कपाटे भरत. अॅलन ह्यूम, जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते, त्यांनी भारतातील पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर मोठा ग्रंथ लिहिला तो याच छंदातून. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कोणता पक्षी केव्हा, कोणत्या झाडावर, किती अंडी घालतो हे आज आपण बिनदिक्कत सांगतो ते त्यांच्या वह्यांमुळेच.

कायद्याचे म्हणाल तर १८८७ चा पहिला कायदा गमतीचा होता. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात नगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत मारलेले पक्षी जवळ बाळगायला व विकायला बंदी करण्याची त्यात तरतूद होती. म्हणजे नगरपालिकेच्या वेशीबाहेर जंगलात घरट्यावर काय होते याची त्याला फिकीर नव्हती. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, तेव्हा तो नियम लागू झाला तर बाजारात लागू, डोंगरावर नाही. १९१२ मध्ये नवा कायदा आला. पण घार, गरुड, ससाणा यांच्याकडे लोक तेव्हा कोंबड्या पळवणारे म्हणूनच पाहत. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा केला. त्याच्या मसुद्यात हुमायुन अब्दुलअलींचा मोठा हात होता. हेच अब्दुलअली सलीम अलींबरोबर मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी करणारे. ती यादी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात येत होती.

१९६८ साली कर्नाळा पक्षी अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे पहिले पक्षी अभयारण्य, अवघे साडेचार चौरस किलोमीटरचे. पुढे २००३ मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेले गेले. अभयारण्याला आकार देणाऱ्यांत वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचे नाव येते. मराठी वाचकाला पक्ष्यांची नावे मराठीत देणारा त्यांचा ‘पक्षिकोश’ आपल्या शाळेच्या वाचनालयात असायला हवा, आणि नसेल तर आपल्या बॅचने तो भेट द्यावा अशी सूचना इथेच करून ठेवतो.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातली एक व्याख्या मला फार महत्त्वाची वाटते. ‘शिकार’ या शब्दात पक्षी मारणे तर येतेच, पण त्याची अंडी फोडणे, अंड्यांना वा घरट्याला त्रास देणे हेही येते. म्हणजे चढून घरट्यात डोकावणारा, मोबाइल काठीला बांधून पिल्लांचे चित्रण करणारा, हे कायद्याच्या भाषेत शिकारीच. १८८७ ला बाजारातला मेलेला पक्षी, १९७२ ला जिवंत घरटे: पंच्याऐंशी वर्षांत एवढा प्रवास झाला.

पण घरटे राखायचे म्हणजे नुसते लोकांना दूर ठेवायचे, असे नाही. ते मोजावेही लागते. आणि मोजण्याचे महत्त्व कळायला जगाला एक ससाणा कारणीभूत झाला. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या कबुतरबाजांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार वाढलेत, आमची शर्यतीची कबुतरे खातात, यांचे काहीतरी करा. सरकारने पाहणी करायला लावली. ती केली डेरेक रॅटक्लिफ यांनी, आणि निघाले उलटेच. ससाण्यांची बहुतेक जुनी घरटी ओस होती, उरलेल्यांत अंडी फुटत होती. रॅटक्लिफ यांनी मग ती जुनी छांदिष्ट लोकांची अंड्यांची कपाटे उघडली, कवचे मोजली आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की डीडीटी शेतात आल्यानंतर कवच पातळ झाले आहे. आई अंड्यावर बसली की ते तिच्याच वजनाने फुटत होते. जो छंद घरट्यांचा शत्रू होता त्याचीच कपाटे पुरावा म्हणून उपयोगी पडली!

आपल्याकडचा धडा याहून कठोर आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. १९९६-९७ मध्ये पुन्हा मोजले तर १५० उरल्या होत्या, आणि झाडांवर माना टाकून बसलेली आजारी गिधाडे दिसत होती. आधीची मोजणी केली नसती तर ‘पूर्वी पुष्कळ असायची’ यापलीकडे कोणी काही सांगू शकले नसते. कारण सापडायला २००४ उजाडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून सिद्ध केले की गुरांना वेदनेसाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरातल्या एकाहून कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असले तरी घसरणीला पुरेसे होते, कारण एका ढोरावर एका वेळी पन्नास-पन्नास गिधाडे बसतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातले एक उरले, इतकी घटली. २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद करून एका वेळेपुरती छोटी कुपीच ठेवली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्यावर बंदी यायला मात्र २०२३ लागले. हा उशीर मला अक्षम्य वाटतो. ही औषधेही घातक आहेत हे त्याआधी अनेक वर्षे कळले होते आणि मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध बाजारात होते.

आपल्या बॅचचा हिशेब इथे लागतो. आपण शाळेत होतो तेव्हा कोकणातल्या गावात ढोर मेले की ते गावाबाहेर टाकत आणि तासाभरात आकाशातून गिधाडे उतरत. आपल्या मुलांनी ते पाहिले नाही. मधल्या वीसेक वर्षांत हे घडले, आणि नोकऱ्या, लग्ने, सिडकोचे भूखंड, लोकलच्या वेळा यांत आपले वर लक्ष गेले नाही. औषधाखेरीज कोकणात आणखीही एक कारण होते. नांगराचे बैल गेले, गोठे रिकामे झाले, जे जनावर मरते ते पुरले जाऊ लागले. विष नसले तरी पान वाढणारेच कोणी उरले नाही.

आपल्या जिल्ह्यात गिधाडे टिकली ती दक्षिणेकडे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या झाडीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत उरली होती. महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या सीस्केप संस्थेने ती राखायचे काम हाती घेतले आणि ते दोन दशकांहून अधिक चालू आहे. या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यात शौर्य काही नाही, चिकाटी आहे. घरट्यांची झाडे ओळखायची आणि त्यांच्यावर कुऱ्हाड पडू द्यायची नाही. गावकऱ्यांना बरोबर घ्यायचे, कारण झाड त्यांच्या शिवारात असते. आसपासच्या गावांत ढोर मेले की निरोप यायला हवा. ते औषध दिलेले नाही ना याची खात्री करून ठरलेल्या जागी नेऊन टाकायचे. दर हंगामात किती घरट्यांत अंडे, किती पिल्ले, किती उडाली हे लांबून, दुर्बिणीतून लिहून ठेवायचे. अंडे उबायला दीड महिन्याहून अधिक, पिल्लू उडायला आणखी तीन-चार महिने. म्हणजे एका पिल्लासाठी जवळजवळ अर्धे वर्ष राखण.

कोकणात गिधाडांनी नारळावरही घरटी केली आहेत, आणि इथे प्रश्न नाजूक होतो. त्यांच्या विष्ठेने झावळ्या करपतात, फळ कमी धरते. वाडीवाल्याला जटायूची कथा सांगून त्याचे नुकसान भरून निघत नाही. अशा ठिकाणी संस्थेने आणि वनखात्याने माणसाशी नीट बोलणे हेच अर्धे संरक्षण असते. रामायण आपल्या सर्वांना प्रिय आहे, पण माझ्या मते गिधाडाच्या कामी नारळाचा भाव जास्त आला आहे.

फणसाडचाही उल्लेख हवा. मुरूड-रोह्याच्या मधले हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि पुढे तिथे गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची जागा करण्यात आली. तिला ‘गिधाडांचे उपाहारगृह’ म्हणतात. नावाला हसू येते, पण कल्पना साधी, सुरक्षित अन्नाची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातली जुनी, उंच झाडे मोठ्या संख्येने कोसळली. गिधाडाला लागते ते असेच झाड: उंच, पसरट फांद्यांचे, वरून मोकळे. औषधावर बंदी आणता येते, पण असे झाड एका माणसाच्या आयुष्यात पुन्हा उभे राहत नाही.

किनाऱ्यावरच्या समुद्र गरुडाची गोष्ट थोडी सुखद आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने, स्थापना १९९२, किनाऱ्यालगतची समुद्र गरुडाची घरटी शोधून नोंदवायला सुरुवात केली. गावोगाव हिंडत, खाडीकाठची मोठी झाडे पाहत हे लोक २००२ मध्ये वेळासला पोचले आणि तिथल्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचे दिसली. आज ज्या कासव महोत्सवासाठी मुंबई-पुण्याच्या गाड्या वेळासला जातात त्याचा उगम गरुडाच्या घरट्यांच्या मोजणीत आहे. वर पाहत चालणाऱ्यांना पायाखाली सापडले ते हे.

आता पुन्हा पनवेल. १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. कर्नाळ्याच्या कुशीतून जाणारा रस्ता रुंद झाला. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. विमानतळाचा अभिमान मलाही आहे, परदेशातले आपले वर्गमित्र या मेळाव्याला थेट पनवेलीत उतरायची स्वप्ने पाहत आहेत. पण तापलेल्या हवेवर स्वार होऊन उंच तरंगणारा जड पक्षी आणि उतरणारे विमान यांचे जमत नाही. म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावरे कापणे, सोलणे, घाण उघड्यावर टाकणे यांना विमान नियमांत फार पूर्वीपासून बंदी आहे. याचा अर्थ असा की गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची जागा पनवेलच्या आसपास कधीच करता येणार नाही. ती परतली तरी दक्षिण रायगडातच परततील. घारीचे निराळे. तिला गिऱ्हाईक नाही तर उकिरडा लागतो, आणि शहराने घाण झाकायला शिकले तर ती आपोआप विरळ होईल. पनवेलच्या मच्छीबाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना हे किती अवघड आहे ते ठाऊक आहे.

कर्नाळ्याच्या गरुडांना मात्र या हिशेबात जागा उरली आहे. त्यांना मेलेले ढोर नको, साप-सरडे आणि दाट झाडी हवी, आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात घरट्याखालची शांतता. नेमक्या याच महिन्यांत शाळांच्या सहली जातात. सुट्टीच्या दिवशी किल्ल्याची वाट गजबजते, स्पीकर वाजतो, कोणीतरी शिट्टीला शिट्टीने उत्तर देतो. घरट्यावरून आई उडाली की कोवळे पिल्लू उन्हात उघडे पडते, अंडे तापते, कावळे टपलेलेच असतात. पक्षी पाहणाऱ्या जाणत्या मंडळींचा रिवाज असा: घरटे दिसले तरी तिथे थांबायचे नाही, जागा कोणाला सांगायची नाही, घरट्यातल्या पक्ष्याचे छायाचित्र काढायचे नाही, पक्षी अस्वस्थ होऊन ओरडू लागला तर मागे फिरायचे. नोंद करायची ती तारीख, झाड, हालचाल एवढीच, लांबून. आपल्या शाळेच्या सहलीच्या सूचनांत ‘डबा, पाण्याची बाटली, टोपी’ यांच्याखाली या चार ओळी घालाव्यात, अशी विनंती मी आजी शिक्षकांना करतो.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. भरतपूरला १९८७-८८ ची मोजणी होती म्हणून पुढचे सारे कळले. आपल्या भागातल्या गिधाडांची वही आपणच आहोत. शिरढोण, आपटा, रसायनी, तारा, पेण, उरण, जिथे कुठे आपले घर होते तिथे शाळेच्या दिवसांत गिधाडे उतरताना पाहिली असतील तर गाव, अंदाजे साल, कोणत्या झाडावर बसत आणि शेवटची केव्हा दिसली, एवढे एका कागदावर लिहून स्मरणिका समितीकडे द्या. आईवडील, आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारा. जुना कृष्णधवल फोटो असला, त्यात मागे आंब्याच्या शेंड्यावर काळे ठिपके दिसत असले तरी चालेल. झाडाचे नाव मात्र विसरू नका.